झाडू मारून गेलेले चोर

घरात तुरीची डाळ निवडायला घेतली की ती घटना मला आजही हटकून आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण जीव गुंतला तो एका डाळमिलच्या चोरीत. बायको म्हणते, तुमचं सगळंच उलटं!

मी तेव्हा हिंगणघाट भागात ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका गावात बायकांचा बचत गट छोटी डाळमिल चालवायचा. ती मशीन वर्ध्याच्या एका संस्थेने आणून दिली होती आणि संस्थेला पैसा यायचा युरोपातल्या एका देशाच्या सरकारकडून. त्या सरकारचं धोरणच तसं होतं : इथल्या लहान संस्थांना बळ द्यायचं, त्यांनी गावातल्या लोकांना पायावर उभं करायचं, आणि लोक उभे राहिले की मदत पुढच्या जिल्ह्यात न्यायची. धोरण चांगलंच होतं, त्यात खोट काढायला जागा नाही.

संस्थेची एक कार्यकर्ती त्या गावातच खोली घेऊन राहायची. आर्वीकडच्या शेतमजुराची मुलगी, समाजकार्य शिकलेली. सगळं गाव तिला ताई म्हणायचं. त्या देशाची एक अधिकारी बाई काम पाहायला येणार होती. तिला मशीन नीट चालताना दिसली की मशीन कायमची गटाच्या नावावर होणार आणि ताईची बदली गडचिरोलीला. आणि नेमकी ती पाहुणी यायच्या आठवड्यात डाळमिल गायब झाली.

संस्थेच्या सांगण्यावरून ताईने फिर्याद दिली. गुन्हा नोंदवला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि पंचनाम्याला निघणार तोच आमच्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. फाट्यावरचा पानठेलेवाला. सगळ्या तालुक्याची काळजी याला!

"साहेब, कुलूप तुटलं नाई ना? मंग चाबी कोणापाशी राह्यते, ते पाहा. बाहेरदेशचा पैसा हाय बाप्पा, ताईनं मशीन विकून टाकली म्हणतात."

चावी ताईकडेच होती. मी तिला विचारलं, "दुसरी चावी कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही."

"मग मशीन काय उडून गेली?"

ती खाली पाहत राहिली. चोर नजर चुकवतो, आणि दुसऱ्याला पाठीशी घालणारा माणूसही चुकवतो. पण चोराची बोटं गप्प बसत नाहीत, कशाशी तरी चाळा करत राहतात. हिचे हात मांडीवर अगदी निवांत होते. मला ते खटकलं.

इकडे वरून फोन सुरू झाले. परदेशी पैशाचं प्रकरण, ताबडतोब अटक करा, असा सूर. ताईला अटक झाली असती तर तिचं नाव कायमचं गेलं असतं. शिवाय अशा प्रकरणात संस्थेची परदेशी मदत घ्यायची परवानगी चौकशीत अडकते, आणि मग ज्या ज्या गावात तिचं काम चालू होतं तिथलं सगळंच बंद पडलं असतं. मी वरिष्ठांना म्हटलं, आधी घटनास्थळ नीट पाहू द्या.

खोलीत गेलो आणि दारातच थांबलो. चोरी झालेली खोली कशी असते ते मला माहीत होतं. ही खोली झाडलेली होती. मशीनचा पट्टा गुंडाळून खिळ्याला टांगलेला. नटबोल्ट एका वाटीत ठेवलेले आणि गंजू नयेत म्हणून त्यावर तेल सोडलेलं. विजेच्या वायरची टोकं प्लास्टिकने बांधून उंच अडकवलेली, का तर एखाद्या लेकराचा हात लागू नये. हवालदार माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, चोरी करून केर कोण काढते हो?"

मला हसू आवरेना. पंचांसमोर हसणं बरं दिसत नाही म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

बायकांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, घरीच जायचं, असा कायदा. महिला शिपाई सोबत घेऊन मी गटाच्या अध्यक्ष बाईच्या अंगणात गेलो. सगळे तिला मावशी म्हणायचे. साठीची, काटक, बोलायला फटकळ. गटातल्या बाकीच्या बायका ओसरीवर रांगेने बसल्या. एरवी एकीचं दुसरीला ऐकू येऊ नये इतक्या बोलणाऱ्या बायका, आणि त्या दिवशी सगळ्यांची तोंडं शिवलेली. चहा आला, त्यात साखर टाकायची राहिली होती. मी तसाच प्यायलो.

कप खाली ठेवून मी सरळ सांगितलं, "मावशी, चावी ताईकडे होती. मला उद्या तिला अटक करावी लागेल."

ओसरीवर एकीने तोंडाला पदर लावला. मावशी उभी राहिली.

"काऊन? तिनं काय केलं?"

"मशीन विकली म्हणतात."

"कोण म्हणते थो मुडदा? तिले नेऊ नका साहेब. मशीन आमीच लपवली. चाबी मले तिनंच देल्ली होती, भरोशानं, मंग मी वापस केली. तुमाले नाई सांगितलं का तिनं?"

"नाही सांगितलं."

तेव्हा मात्र मावशीचा बांध फुटला. रडत रडतच तिने सगळं सांगितलं. "मिटिंगमधी संस्थेचे साहेब बोलले, मशीन चांगली चालून राह्यली, बाया पायावर उभ्या झाल्या, आता ताई जाईन. आमी म्हटलं, मशीनच नसन त कायच्या पायावर उभ्या राहू? राहीन मंग पोरगी अजून सालभर. भरदुपारी गेलतो, गाव वावरात होतं. बैलबंडीवर घातली न् आणली. आमाले काय मालूम, पोलीस येते म्हणून!"

गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाखाली मशीन सापडली. गोणपाटात गुंडाळलेली, वरून मावशीची जुनी गोधडी.

लबाडीने घ्यायचा हेतूच नव्हता, तर चोरी कसली? गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. ताईला विचारलं, "तुला कळलं होतं ना?" म्हणाली, "वाटीतलं तेल पाहिलं तेव्हाच कळलं, सर. त्यांच्यावर गुन्हा लागला असता." एवढंच बोलली आणि मग तीही रडली.

पाहुणी आली. मशीन जागेवर होती, फटाफट डाळ पडत होती. कोणी विचारलं नव्हतं तरी मावशीने उठून लपवाछपवीची सगळी हकिकत सांगून टाकली. पाहुणीने दुभाष्यामार्फत विचारलं, "मशीन तुम्ही चालवता, माल तुम्ही विकता. मग आता ताईंचं इथे काय काम आहे?"

"काम काईच नाई," मावशी म्हणाली. "तिच्याबिगर करमत नाई."

पाहुणी बराच वेळ मावशीचा हात धरून बसली. धोरण मात्र बदललं नाही, आणि बदलायलाही नको होतं. गडचिरोलीतही बायका वाट पाहत होत्या.

ताई गेली त्या दिवशी मी बंदोबस्ताच्या निमित्ताने फाट्यावर गेलो. कसला बंदोबस्त, काही नाही, मला जायचं होतं. सगळा गट एसटीपाशी आलेला, मावशी तेवढी नव्हती. ती डाळमिल सुरू करून बसली होती. "ताईच्या कानावर आवाज गेला पायजे," म्हणाली होती. एसटी वळणाआड जाईपर्यंत तो आवाज येत होता.

तपासात आमचा पहिला प्रश्न असतो, फायदा कोणाचा? बहुतेक वेळा त्यानेच दार उघडतं. या प्रकरणात फायदा कोणाचाच नव्हता. मदत सोडवत नाही म्हणून माणूस लोभीच असतो असं नाही, हे मला तिथे कळलं. पण ते नीट उमगायला मला स्वतःला निवृत्त व्हावं लागलं.

शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आता तुम्ही मोकळे असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी, आंघोळ करून, बूट घालून खुर्चीत बसलो. बायको म्हणाली, "काऊन हो, कुठे निघाले?" मी बूट काढून ठेवले. नवा ठाणेदार आला होता, ठाणं झकास चालू होतं, माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी स्कूटर काढली आणि त्या गावी गेलो. डाळमिल चालू होती. मावशीने मला दारात पाहिलं आणि ओरडून विचारलं, "काऊन साहेब, आता काय चोरीले गेलं?"

"काही नाही मावशी," मी म्हटलं. "करमत नव्हतं."

तिने एक पोतं झटकून माझ्यासमोर टाकलं.

"बसा. मशीन बंद करतो जराशीक."