कानमास्तरांच्या खिशातली धूळ

कानमास्तरांचं खरं नाव आता फक्त हजेरीच्या कागदावर उरलं होतं. बाकी सगळी साइट त्यांना कानमास्तरच म्हणायची, आणि उगीच नाही. सव्वीस वर्षं डिझेलच्या खोदमशीनवर काढलेला माणूस तो. वीस पावलांवर उभं राहून, डोळे मिटून सांगायचे, "पंप गेलाय, इंजिनाला हात लावू नका." उघडून बघावं तर पंपच. भले भले मेकॅनिक त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभे राहत. मास्तरांनाही आपली किंमत ठाऊक होती, आणि ती लपवायची तसदी ते घेत नसत.

आणि अशा माणसाच्या वाट्याला यावं काय? तर आवाजच नसलेलं मशीन!

झालं असं, की एका जुन्या इस्पितळाचा मागचा भाग आतून तोडायचा होता, आणि पुढच्या भागात रुग्ण झोपलेले. धूर नको, धडधडाट नको. म्हणून बॅटरीवर चालणारं छोटं खोदमशीन आलं. दारातून आरामात आत शिरेल एवढं. बटण दाबलं की पडद्यावर दिवे लागायचे, बस्स. पहिल्या दिवशी मास्तर घरी येऊन म्हणाले, "अगं, चालू आहे की बंद, तेच कळत नाही."

"बरं झालं," बायको म्हणाली. "आता घरात तरी ओरडून बोलणार नाही तुम्ही."

मशीन शिकवायला कंपनीकडून एक मॅडम आल्या होत्या, मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चार चार वेळा बजावलं. "इथे धूळ फार आहे. दर दोन तासांनी थांबायचं, बाजूचं झाकण उघडायचं, जाळी आणि तिच्यामागचा रेडिएटर मऊ ब्रशनं झाडायचा, धूळ व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची. कंप्रेसरची हवा अजिबात मारायची नाही, धूळ आत जाऊन घट्ट बसते. मग बॅटरी तापते आणि मशीन स्वतःच थांबतं." मास्तरांनी मान डोलावली. मनात म्हणाले, बाई गं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून हवा मारतोय मी.

धूळ मात्र खरोखरच भयंकर होती. जुनं प्लास्टर, विटा, चुना. मशीनच्या हाताची लोखंडी बकेट भिंतीला लागली की पांढरा लोट उठायचा आणि समोरचा माणूस गायब. म्हणून बकेट जिथे लागेल तिथे बारीक पाणी मारायला एक बाई पाइप घेऊन उभी असायची. तिला सगळे पाणीवाली म्हणत. चाळिशीची, कमी बोलणारी, डोळ्यांखाली रुमाल घट्ट बांधलेली. पाणी मारता मारता ती आणखी एक काम करायची, जे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मशीनला आवाज नाही, त्यामुळे माणसं बेफिकीर मागून जात. कुणी मागे आलं की ती हात वर करायची आणि मास्तर थांबायचे. तिला 'बरं' म्हणावं असं त्यांच्या कधी डोक्यातही आलं नाही.

त्या सकाळी भिंत अर्धी झाली होती. दोन तास भरले. ब्रश, जाळी, व्हॅक्यूम म्हणजे वीस मिनिटं हातची गेली. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं, कंप्रेसरची नळी ओढली आणि झाकण उघडून फस्सकन हवा मारली. बाहेरून आत. एका मिनिटात काम फत्ते.

"मास्तर," पाणीवाली तिथून म्हणाली, "हवा मारू नका म्हणाल्या होत्या त्या मॅडम."

"तू तुझा पाइप बघ."

दोन तासांनी पुन्हा तेच. या वेळी ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, आत जाते हो ती धूळ." मास्तरांनी नळी आणखी आत खुपसली.

आणि जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ असताना मशीन मंद झालं. डिझेलचं असतं तर इंजिन धापा टाकायला लागलं असतं आणि मास्तरांनी ते झोपेतही ओळखलं असतं. इथे पडद्यावर पिवळा दिवा लागला, मग लाल. पण दिवे बघायची सवय होती कुणाला? मास्तर आपले कान लावून बसलेले! बकेट अधांतरी तशीच ठेवून मशीन गप्पकन थांबलं.

साइटचे साहेब धावत आले. मागोमाग पाचसहा जण. "काय झालं मास्तर?"

काय झालं ते मास्तरांना त्याच क्षणी कळलं होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मास्तर आता सांगणार आणि ते बरोबर निघणार, असं गेली सव्वीस वर्षं चालत आलेलं. आणि मास्तरांनी जीभ उचलून टाळ्याला लावली.

"पाणी गेलं असेल आत."

बाईकडे बघायची हिंमत झाली नाही. बघितलं ते पाइपाकडे. तेवढं पुरलं.

"एवढं साधं काम जमत नाही तुला?" साहेब तिच्यावर कडाडले. "मशीन कितीचं आहे माहीत आहे? उद्यापासून येऊ नकोस!"

तिनं एकदाच मास्तरांकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. ती नुसती वाट बघत होती. मास्तर खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले, सुटलेली नसताना. मग तिनं नळ बंद केला, पाइपची नीट गुंडाळी केली, खिळ्याला अडकवली आणि निघून गेली.

सगळे जेवायला गेल्यावर मास्तरांनी झाकण उघडलं. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमध्ये धूळ ठासून बसली होती. पाण्याचा थेंब नव्हता कुठे. कोरडी ठणठणीत. ब्रशनं उकरताना एक जाड वडीच सुटून हातात आली, तिच्यावर पत्र्यांच्या रेघा उमटलेल्या, कंगवा दाबावा तशा. तेवढ्यात साहेबांची पावलं वाजली. मास्तरांनी वडी खिशात कोंबली, चोरासारखी. मग उरलेली धूळ व्हॅक्यूमनं ओढली. मशीन निवलं होतं, ते चालू झालं.

"वा! याला म्हणतात कान!" साहेबांनी पाठीवर थाप मारली.

आणि मास्तर हसले. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या हसण्याची.

दुपारभर पाइप दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता. तो पाणी मारायचा भिंतीवर आणि बघायचा फोनमध्ये. एकदा मास्तरांनी मशीन मागे घेतलं आणि नेमका त्याच वेळी मागून एक जण निघाला. ओरडला म्हणून वाचला बिचारा. हात वर करणारं तिथे कुणी नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी कपडे बदलले. बायकोनं पॅंट भिजवायला घेतली, खिसे तपासले आणि वडी बाहेर काढली.

"हे काय आता? साबण का?"

"धूळ आहे."

"धूळ खिशातून आणायला लागलात? अंगावरची पुरत नाही होय?"

मास्तरांना हसू आलं नाही. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून, एकेक शब्द ओढून काढत. हवा, पाणीवाली, पाइप, साहेबांची थाप. लाजेनं कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बायको धीर देईल, असं कुठेतरी वाटत होतं त्यांना.

"ती काहीच बोलली नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"आणि तुम्ही?"

मास्तरांनी मान आणखी खाली घातली. तिनं वडी एका कागदात बांधली आणि भांडी घासायला गेली.

सकाळी साइटवर मास्तरांनी डब्याची पिशवी उघडली. डब्यावर ती कागदाची पुडी नीट ठेवलेली. आता काय करणार? बायकोवर चिडायची सोयसुद्धा नव्हती.

हजेरीला सगळे गोल उभे होते. साहेब कालचं कौतुक पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात मास्तर पुढे झाले आणि त्यांनी वडी साहेबांच्या हातावर ठेवली.

"ही आतून निघाली साहेब. कोरडी आहे, बघा. पाणी गेलं नव्हतं. मी हवा मारली होती. दोनदा. तिनं दोन्ही वेळा मला अडवलं, तरी मारली. आणि मग नाव तिचं घेतलं." त्यांनी मान वर केली. "लाज वाटते मला. सांगायला उशीर केला, त्याची तर जास्तच."

कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. साहेब वडी उलटीसुलटी करत राहिले, मग त्यांनी पाणीवालीला फोन लावला, स्पीकरवर.

"उद्या कामावर ये," ते म्हणाले. आणि वर थोडं चिडूनच, "पण काल का नाही बोललीस? तोंड नव्हतं तुला?"

पलीकडून लगेच उत्तर आलं. "तोंड होतं साहेब. दोनदा बोलले होते मास्तरांना. नंतर मला कुणी विचारलं?"

साहेबांनी फोन खिशात टाकला. "चला, कामाला लागा."

दुसऱ्या दिवशी ती आली. खिळ्यावरचा पाइप काढला, नळ सोडला, आपल्या जागेवर उभी राहिली. जणू काही झालंच नाही. मास्तरांनी दोन वाक्यं पाठ करून आणली होती, ती तशीच राहून गेली. काम सुरू झालं. ती हात वर करायची, ते थांबायचे, आणि दर वेळी मान हलवून "बरं ताई" म्हणायचे. ती उत्तर देत नव्हती. का द्यावं?

दोन तास भरले. मास्तर उतरले, झाकण उघडलं, ब्रशनं रेडिएटर झाडला, व्हॅक्यूम फिरवला. पुरती वीस मिनिटं लागली. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला, आणि तिच्या पायांकडे बघत विचारलं, "ताई, जरा बघता का? निघाली का सगळी?"

तिनं नळ बंद केला. हात पुसत आली, वाकली, पत्र्यांमधून नीट बघितलं.

"डावा कोपरा राहिलाय," ती म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा ब्रश उचलला.