एकशे वीस टक्के दूध

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकजवळच्या आमच्या गावातून मी सायकलला कॅन अडकवून शहरात दूध घालायचो. मी चौथी नापास, पण थोरली मुलगी सातवीत होती. गणिताच्या गुरुजींनी वर्गाला सांगितलं, पुस्तकातली उदाहरणं पुरे, आपापल्या गोठ्यातले आकडे आणा. म्हैस पेंड किती खाते, दूध किती देते, त्यातलं विकता किती.

मुलीनं विचारलं. पेंड चार किलो, विकतो सहा लिटर, हे मी खरं सांगितलं. देते किती? म्हटलं, पाच. देत होती आठ. पण दुभत्या जनावराचा आकडा कोणी खरा सांगतं का? दृष्ट लागली की म्हैस आटते.

दुसऱ्या दिवशी मुलगी रडतच घरी आली. तिनं फळ्यावर टक्के काढले होते. पाचातलं सहा विकलं, म्हणजे एकशे वीस. पोरं ओरडली, "वरचे वीस विहिरीचे!"

"दादा, तुम्ही पाणी घालता?"

हे मला फार लागलं. माझ्या दुधात पाण्याचा थेंब नसायचा. बायको म्हणाली, "मग सांगून टाका ना खरं."

"तोंडानं नाही सांगणार. गुरुजींना म्हणावं, सकाळ-संध्याकाळ धारेला या."

गुरुजी आले. दोन्ही वेळचं दूध मापलं, आठ लिटर भरलं. त्यांनी तोंड उघडलं तसा मी म्हणालो, "बोलू नका गुरुजी. लिहा."

ते हसले. "बाकीच्यांनीही असंच दाबून सांगितलं असणार."

"त्यांचं त्यांनी बघावं."

वर्गात मुलीनं टक्के परत काढले. पंचाहत्तर. पाण्याचं नाव कोणी काढलं नाही. मग आलेखाचा कागद. आडव्या रेघेवर पेंड, उभ्या रेघेवर दूध, एका म्हशीचा एक ठिपका. पेंड वाढेल तसे ठिपके वर चढतील, असा गुरुजींचा अंदाज. पण गावातल्या म्हशी खायच्या पोटभर अन् दुधाच्या नावानं बोंब. सगळे ठिपके तळाला लोळत होते. आमचा एकटा वर.

कागद वर्गाच्या भिंतीवर लावला, तो मी मुद्दाम बघून आलो. छाती फुगली अन् लगेच धडधडायला लागली. अख्ख्या गावासमोर उघडा! घरी येऊन मुलीला म्हटलं, "त्या ठिपक्याला काळं तीट लाव."

"दादा, तो काळाच आहे."

"मग शेजारी दुसरा दे."

"दुसरा दिला तर ती दुसरी म्हैस होईल."