वृंदावनाचं पाणी

कावेरीकाठच्या गावातल्या महामहम् तळ्यामागच्या गल्लीत कुणाची मिरची सुकली की लोक सुंदरीकडे येतात. नवरा गेल्यापासून ती थोरल्या दिरांच्या घरी राहते, दोन्ही वेळचा स्वयंपाक करते आणि उरलेल्या वेळात परसात झाडं वाढवते. नारळाच्या करवंट्यांत तिची रोपं ओळीनं बसलेली असतात.

शेजारची कविता, लग्न होऊन नवीच आलेली, एकदा कुंडी काखोटीला मारून आली.

"सुंदरीमामी, रोज पाणी घालते हो, तरी मेली."

"रोज घालतेस म्हणून मेली. इथली हवा ओली, माती कावेरीची, चिकट. पाणी धरून बसते. निम्मी वाळू मिसळ, थोडा काथ्याचा भुसा. कुंडीला खाली भोक आहे?"

"भोक पाडलं तर पाणी वाहून जाईल की!"

"जाऊ दे. मुळांना वारा लागतो. सकाळी मातीत बोट घाल, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं तरच पाणी. दिवाळीचा पाऊस लागला की तेही नको. आणि आत्ताच गुलाबाच्या नादी लागू नको. कढीलिंब लाव, त्याला आंबट ताक दे. तांदुळजा लाव, महिन्यात भाजी होते."

कवितेची गच्ची हिरवी झाली. तिचं बघून गल्लीतल्या आणखी गच्च्या झाल्या. सुंदरीच्या घरची तुळस मात्र दर वर्षी मरे.

त्या घरात ज्याची अंघोळ होई तो वृंदावनात तांब्याभर पाणी ओती. दीर, जाऊ, पुतण्या, त्याची बायको, सुटीत लेकी-नातवंडं. पाऊस कोसळत असला तरी, छत्री धरून. वृंदावनाचा तळ सिमेंटचा, पाणी निघायला वाट नाही. मुळं कुजत, पानं काळी पडून गळत.

"एकानंच घाला, बाकीच्यांनी नमस्कार करा," सुंदरीनं एकदा सांगून पाहिलं.

"तुळशीला पाणी जास्त होतं, हे तुझ्याच तोंडून यायचं," जाऊ सुब्बलक्ष्मी म्हणाली. "तू तिकडे झाडायला जातेस ना, ते बंद कर. झाडालाही हात कळतो गे."

म्हणजे विधवेचा हात. त्या दिवसापासून सुंदरीनं वृंदावनाजवळ जायचं नाही असं ठरलं. तुळस तरीही मेली.

यंदा सुब्बलक्ष्मीनं कवितेकडून रोप आणलं. "सवाष्णीच्या हातचं! बघ कसं तरारलंय."

सुंदरीनं करवंटी ओळखली. तापल्या खिळ्यानं तिनंच पाडलेलं भोक.

"अक्का, हे रोप माझं. कवितेला मीच दिलं."

"बाहेर कुणाला सांगू नको," सुब्बलक्ष्मी म्हणाली, आणि रोप लावून त्यावर तांब्या ओतला.

दिवाळीच्या पावसात तेही गेलं. तुळशीचं लग्न तोंडावर आलं, तेव्हा जाऊबाई स्वतः परसात आल्या.

"रोप आहे?"

"ही काय, ओळ आहे."

"एक कवितेकडे दे. मी तिच्याकडून आणते."

"एवढा वळसा कशाला? मी लावते. खाली भोक पाडते, वाळू घालते. जगेल."

"तू?"

"रोज माझ्या हातचं जेवता की, अक्का."

"ते वेगळं. पोटात जातं, कुणाला दिसत नाही. लग्नाला चार लोक येतात."

सुंदरीनं उचललेली करवंटी पुन्हा ओळीत ठेवली.

"मग रोप नाही."

"आमच्या घरात राहून?"

"तुमच्याच घरात राहून."

लग्न झालं. फुलवाल्याकडून आणलेली तुळशीची फांदी मातीत खोचली, तिलाच हार घातला. चार दिवसांत ती वाळली, आणि कुणीतरी ती उपटून विहिरीत टाकली. सुंदरीशी त्यानंतर कुणी कामापलीकडे बोललं नाही. सांबार मात्र पूर्वीसारखंच दोनदा वाढून घेतात.

रोज सकाळी अंघोळ झाली की घरातलं एकेक माणूस वृंदावनापाशी जातं, डोळे मिटतं आणि नुसत्या मातीवर तांब्या ओततं. मातीवर शेवाळ धरलंय. सुंदरी स्वयंपाकघराच्या दारातून ते बघते, हात पुसते आणि परसात जाऊन करवंटीत बोट घालते.

ओली आहे. आज पाणी नको.