पडद्याची माझी बाजू

चांदीप गावातलं आमचं शेत विकायचं की ठेवायचं, यावरून सकाळीच नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. मी तणतणत नायगावच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आले आणि ओली पांढरी चादर दोरीवर टाकली. त्या ओल्या सुती वासाने मला थेट चांदीपच्या खळ्यावर नेलं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. दिवेलागणीला गावात परदेशी मुका सिनेमा दाखवणार होते. त्यात घोडे, पिस्तुलं आणि पळवून नेलेली नायिका. पडदा म्हणून धोतर ताणलं होतं. पुरुष पडद्यापुढे बसले, आम्ही बायका पडद्यामागे. मागूनही चित्र उमटावं म्हणून धोतर सारखं भिजवायचे. "पानी मारा रे, पानी!" असा ओरडा चाललेला.

रीळ बदलताना मी मोठ्याने म्हणाले, "हिरो डावखुरा आहे!"

पलीकडे हशा पिकला. "अगं, उजव्या हातान् मारतो तो!"

मी इरेला पेटले. "मग मागं येऊन बघा की!"

कुणी हललं नाही. मग रमेश नावाचा एक तरुण उठला आणि सगळ्यांदेखत पडद्याला वळसा घालून बायकांच्या मागे येऊन बसला. हिरो दरीवरून घोडा उडवत नायिकेला सोडवायला निघाला होता, पण मला धाडसी वाटला तो रमेशच.

"खरंय तुजं," तो हळूच म्हणाला. "हितून डावखुराच हाय."

त्याच्याशीच मी सकाळी भांडले. आता चादरीपलीकडे त्याची सावली उभी आहे, आणि ती हळूहळू कडेकडे सरकते आहे.