डाव्या कोपऱ्यातली सु.प.

मी आयुष्यात सरकारला फसवायचा प्रयत्न एकदाच केला, तोही बाळंतपणाच्या रजेवर असताना.

तेव्हा मी नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखिका होते. (कार्यालयाचं नाव सांगत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.) नोकरीला चार वर्षं होऊन गेली होती, पण मी ‘कायम’ झाले नव्हते. माझ्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर कशाखाली तरी दबून पडला होता, आणि त्यावर सही होईपर्यंत मी कार्यालयात शिंकतानासुद्धा इकडेतिकडे बघून शिंकत असे. अशात नोव्हेंबरच्या शेवटी मला मुलगी झाली आणि सरकारने तीन महिन्यांची भरपगारी रजा दिली.

रजा म्हणजे आराम, असं ज्यांना वाटतं त्यांचं बाळंतपण सासूने केलेलं नसतं. माझ्या सासूबाई उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. आयुष्यभर मागावर बसलेल्या, त्यामुळे कोणी रिकामं बसलेलं त्यांना बघवत नसे, पण बाळंतिणीने मात्र रिकामंच बसायचं हा त्यांचा कायदा होता. खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा, आणि त्या धुरावर मी! उठायचं नाही, वाकायचं नाही, वाचायचं तर मुळीच नाही, डोळे जातात म्हणे. पंधरा दिवसांत गोधडीवरचं एकेक ठिगळ मला नावानिशी ओळखता येऊ लागलं.

आणि पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट यायची, ती म्हणजे वरचं टिनाचं छत. डिसेंबरात ठीक होतं. पण मे महिन्यात त्या टिनाखाली आमच्या दोन खोल्यांचा तवा व्हायचा, हे मला चांगलं माहीत होतं. माझं एक वेळ सोडा, पण पोरगी तेव्हा सहाच महिन्यांची असणार. घरात टेबल फॅन हवा, हे मी ठरवून टाकलं होतं. आमचे हे शाळामास्तर. फॅनचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघत आणि ‘यंदा ऊन कमी पडेल’ असं म्हणत. नागपुरात!

तेव्हा ठवकरकाका आले. त्यांच्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकले होते. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा. संत्री सासूबाईंकडे दिली, पोरीकडे अर्धं मिनिट बघितलं, आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, टायपिंगचं काम आहे, पानामागे चांगले पैसे मिळतील, पण इन्स्टिट्यूटमधल्या एकालाही हे अक्षर लागत नाही.

मी पहिलं पान बघितलं आणि मला घाम फुटला. ते आमच्या बडे बाबूंचं अक्षर होतं! बडे बाबू म्हणजे आमच्या कार्यालयाचे हेडक्लार्क. हे अक्षर जगात दोनच माणसं वाचू शकत. एक मी, आणि दुसरी त्यांची बायको. (स्वतः बडे बाबूंना संध्याकाळनंतर ते लागत नसे.)

झालं होतं असं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेलं, मुंबईचं अख्खं सरकार इकडे येऊन बसलेलं, आणि आमच्या कार्यालयाचा वार्षिक अहवाल ताबडतोब हवा होता. पण टाइप करणारी बाई रजेवर. ती बाई म्हणजे मी. म्हणून बडे बाबूंनी अहवाल बाहेर दिला, ठवकरकाकांना. आणि ठवकरकाकांनी तो आणला रजेवरच्या बाईकडे.

सरकारी नोकराने बाहेरचं काम करून पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम मला पाठ होता. तो मीच टाइप केला होता. कळलं असतं तर कायम होणं विसराच, होती ती नोकरीही गेली असती. पण मी शेगडीवर पडून विचार केला, की हे बाहेरचं काम आहेच कुठे? हे तर आतलंच आहे! आमचे हे मात्र घाबरले.

“कोणाले कळलं तं?”

“कोण सांगणार आहे? ठवकरकाका सांगत नाहीत. तुम्ही सांगणार नाही. आणि कागद काय बोलतो का?”

दुसऱ्या दिवशी ठवकरकाकांनी सायकलच्या कॅरियरवर, जुन्या चादरीत गुंडाळून मराठी टाइपरायटर आणला. मी तो पाटावर ठेवला, पाट बाजेवर ठेवला, आणि सासूबाई कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

“काहून वं सुमन, कंबर धरली तं तुझा साहेब येनार हाय का शेक द्याले?”

मी पहिली ओळ टाइप केली. आणि चमत्कार झाला. सकाळपासून किंचाळत असलेली पोरगी एकदम गप्प झाली. दुसऱ्या ओळीला तिने डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला झोपली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान पसरला की विचारू नका. त्यांची सगळी लेकरं मागाच्या खटखटीवर झोपलेली. नात घराण्याला धरून निघाली होती!

त्या दिवसापासून सासूबाई माझ्या सुपरवायझर झाल्या. बाळंतिणीने वाकू नये, हा कायदा रद्द. मी बोटं मोडायला थांबले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “थांबली काहून? पोरगी उठते नं!” सरकारी कार्यालयात चार वर्षांत माझ्याकडून कोणी इतकं काम काढून घेतलं नव्हतं. रोज दुपारी, बाजेवर, धुरात, डिंकाचा लाडू तोंडात धरून मी अहवाल बडवत होते. बारा दिवसांत संपवला. एक खाडाखोड नाही! ठवकरकाका गठ्ठा घेऊन गेले, मशीन मात्र म्हणाले राहू द्या, पुढचंही काम येईल. मी मनातल्या मनात फॅनचा रंगसुद्धा ठरवला. निळा.

दोन दिवसांनी सासूबाईंनी लाडवांचा नवा डबा भरला. खाली कागद हवा म्हणून त्यांनी माझी एक वाया गेलेली कार्बन प्रत अंथरली. मी लाडू उचलला, तोंडात घातला, सहज खाली बघितलं. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, तुपाच्या डागात छान उठून दिसत होतं: द.म./सु.प.

इथे जरा समजावून सांगायला हवं. कार्यालयात टाइप केलेल्या कागदाखाली डाव्या कोपऱ्यात आधी साहेबांची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाइप करणारीची आद्याक्षरं घालायची पद्धत. चूक निघाली तर कोणाची मान धरायची ते कळावं म्हणून. आमच्या बडे बाबूंची तर शिस्त अशी, की शेवटच्याच नाही, प्रत्येक पानावर हवं. आमचे साहेब द.म., आणि मी सुमन पराते. चार वर्षं रोज ते घालून घालून माझ्या बोटांना सवय लागली होती. पान संपलं की बोटं आपणहून तिकडे जात, मला विचारतसुद्धा नसत. मी चोरून केलेल्या कामाच्या एकूण एक पानावर माझं नाव घालून ते माझ्याच साहेबांकडे पाठवलं होतं.

लाडू घशात अडकला. सासूबाईंनी पाठीत धपके घातले. लाडू खाली गेला. मला रडू आलं. फॅनचं सोडा, नोकरी गेली तर पोरीला दूध कुठून आणायचं, असं सगळं एकदम मनात आलं.

मी यांना सायकलवर पिटाळलं. जाताना यांनी खिशात रबर घेतलं. (मास्तर ना! सगळ्या संकटांवर तोच उपाय.) इन्स्टिट्यूटमध्ये कळलं की अहवाल आदल्या दिवशीच पोचला. मग हे तसेच कार्यालयात गेले आणि फाटकातच बडे बाबूंच्या पुढ्यात सापडले. बडे बाबूंनी विचारलं, मास्तर, इकडे कुठे? यांना दुसरं काही सुचेना, म्हणाले, मुलगी झाली म्हणून बर्फी वाटायला आलो. बडे बाबूंनी यांच्या दोन्ही हातांकडे बघितलं. हातात सायकल होती, बर्फी नव्हती. बडे बाबू म्हणाले, काही हरकत नाही, उद्या रविवार आहे, घरीच येऊन खातो. नाहीतरी परातेबाईंकडे काम आहेच.

म्हणजे संकट टाळायला गेलेला माणूस संकटाला जेवायचं आमंत्रण देऊन आला!

रविवारी बडे बाबू आले. काखेत पिशवी, पिशवीत अहवाल, मी वरूनच ओळखला. मशीन लपवायला दोन खोल्यांत जागा कुठली? ते बाजेवरच ठेवलं, वर गोधडी टाकली, आणि मी उशीला टेकावं तशी त्याला टेकून बसले. बडे बाबूंनी बर्फी खाल्ली, तब्येत विचारली. मी जरा मागे सरकले, आणि गोधडीखालून ‘टिंग’ झालं. ओळ संपली की मशीनची घंटी वाजते, ती. बडे बाबूंनी मान वर केली. यांनी घाईघाईने दाराबाहेर बघून, सायकलवाला असेल, असं सांगितलं.

आणि तेवढ्यात पोरगी उठली. तिला झोपवायला केलेली खटखट बंद होऊन तास झाला होता. तिने जो टाहो फोडला तो थांबेना. यांनी घेतलं, मी घेतलं, सासूबाईंनी खुळखुळा वाजवला, चमच्याने डबा वाजवला. पोरगी निळी पडायला आली. शेवटी सासूबाईंना राहवेना.

“अवं सुमन, दोन ओळी टाइप कर नं! पाहुण्यापुढं काहून लेकराले रडवून राहिली?”

आणि त्यांनी गोधडी ओढली.

 बडे बाबूंनी मशीन बघितलं. मग बाजेखालची शेगडी बघितली. मग पिशवीतून अहवालाचं एक पान काढून नाकाशी धरलं.

“तरी मी म्हणतो, अहवालाले ओव्याचा वास काहून येऊन राहिला!”

मी हात जोडले आणि सरळ रडायलाच लागले. “बडे बाबू, चुकलं माझं. पोरीसाठी एक फॅन घ्यायचा होता. माझं कायम होणं तेवढं घालवू नका.”

“रडता काहून? सही झाली त्याच्यावर. काल संध्याकाळी.”

मग त्यांनी तिसरी बर्फी उचलत सांगितलं ते असं. साहेबांची नजर पहिल्याच पानाच्या डाव्या कोपऱ्यावर गेली. त्यांनी विचारलं, परातेबाई तर रजेवर आहेत ना? आता खरं सांगायचं तर बडे बाबूंनाच भारी पडत होतं, कारण अहवाल अधिवेशनात मांडला जाण्याआधीच बाहेरच्या दुकानात दिला होता, आणि तोही साहेबांना न विचारता! म्हणून त्यांनी सांगून टाकलं, की बाईंकडे मीच घरी पाठवला, आणि ओली बाळंतीण असून बाईंनी नाही म्हटलं नाही. साहेबांचे डोळे पाणावले म्हणे. तिथल्या तिथे कागद शोधून मला कायम करण्याच्या आदेशावर सही केली, आणि वर म्हणाले, या बाईंना प्रशंसापत्र द्या. साहेबांनी विचारलं तर मीही हेच सांगायचं, एवढं बजावायलाच बडे बाबू आले होते.

मला हसावं की रडावं कळेना. पण फॅन डोक्यात होताच. मी हळूच विचारलं, “आणि ठवकरकाकांचं बिल?”

“कोणतं बिल? पानापानावर सु.प. लिहिलं आहे. सरकारी बाईनं केलेल्या कामाचं बिल बाहेरच्याच्या नावानं कसं निघेल?” आणि निघताना दारात वळून म्हणाले, “कागद बोलतो, परातेबाई.”

यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

ठवकरकाका मशीन घेऊन गेले. त्यांनी मला बोल लावला नाही, पण येताना संत्रीही आणली नाहीत. पोरीला झोपवायला पुढे दोन महिने सासूबाई पोळपाटावर लाटणं आपटत होत्या, आणि मे महिन्यात आम्ही खिडकीला ओली चादर बांधून तिच्या आडोशाला राहिलो. ऊन त्या वर्षी कमी पडलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी रजा संपली. मी कामावर हजर झाले, आता कायम बाई म्हणून. टेबलावर पहिलाच कागद बडे बाबूंच्या अक्षरात होता: श्रीमती सुमन पराते यांस प्रशंसापत्र. टाइप करून साहेबांकडे सहीसाठी पाठवावे. माझ्याशिवाय मराठी टंकलेखिका होती कुठे? मीच माझी स्तुती टाइप केली. ‘कर्तव्यदक्ष’ दोनदा आलं होतं, तेही काळजीपूर्वक टाइप केलं. पान संपलं, बोटं डाव्या कोपऱ्याकडे निघाली, आणि मी ती जागच्या जागी थांबवली. एकदा अक्कल आली होती. आता काही झालं तरी स्वतःच्या स्तुतीखाली स्वतःचं नाव घालायचं नाही!

अर्ध्या तासाने कागद सहीशिवाय परत आला. सोबत साहेबांचा शेरा होता: टंकलेखिकेची आद्याक्षरे नाहीत. हा हलगर्जीपणा आहे. संबंधितांना लेखी ताकीद द्यावी.

माझ्या सेवापुस्तकात ते प्रशंसापत्र आणि ती ताकीद, एकाच तारखेची, शेजारीशेजारी आहेत. दोन्ही मीच टाइप केली. दोन्हींखाली डाव्या कोपऱ्यात सु.प. आहे.