साहेबांच्या आईसाठी जागा

लिफ्टवाल्याने आयुष्यात आईशी मोजून दोनदा खोटं बोलून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिने कान पिळून खरं काढून घेतलं होतं. तिसऱ्या खेपेला मात्र तिने विश्वास ठेवला. तिथेच सगळं बिघडलं.

झालं असं, की आई न्हाणीघरात पडली. सून शाळेत शिकवायला गेलेली आणि हा कुठल्याशा दहामजली इमारतीत लिफ्टच्या छतावर बसून तारा तपासत होता. सकाळी दहाला पडलेली बाई दुपारी दोनला सापडली. ओल्या फरशीवर चार तास! वर म्हणते कशी, "काही नाही रे, जरा गार हवा खाल्ली." हाड मोडलं नव्हतं, पण त्याच महिन्यात ती पुन्हा पडली. मग नवराबायकोने ठरवलं, आईला चोवीस तास माणूस असेल अशा ठिकाणी ठेवायचं. पण तिला सांगणार कोण? बायको म्हणाली, "आई तुमची, तुम्ही सांगा." खोटं काय होतं त्यात?

तर हा शूर गडी आईसमोर जाऊन बसला आणि तोंडातून भलतंच निघालं. "आई, आमच्या साहेबांच्या आईसाठी वृद्धाश्रम बघायचाय. थकलेल्यांचं सगळं करणारा. साहेबांना सवड नाही, मला बघ म्हणाले. काय काय बघायचं असतं गं?"

आता ही बाई अठ्ठावीस वर्षं इस्पितळात आया होती. घरी बसल्यापासून "जेवलात का?" आणि "गोळी घेतली का?" याखेरीज तिला कुणी काही विचारलं नव्हतं. प्रश्न ऐकला आणि उशीला टेकलेली म्हातारी ताठ बसली.

"हे बघ बाळ्या," ती म्हणाली. (बाळ्या अठ्ठेचाळीस वर्षांचा, डोक्यावर टक्कल.) "सकाळी मुळीच जाऊ नकोस. सकाळी सगळं आवरून-सावरून ठेवलेलं असतं. चारला जा, पाळी बदलते तेव्हा. जाणारी निघालेली, येणारी चहा पितेय, तेव्हा कोण कुणाकडे बघतं ते कळतं. फरशी बघू नकोस, म्हाताऱ्यांची नखं बघ. पाण्याचा पेला हाताला लागतो का बघ. आणि आयाला बोलवायचं वायरचं बटण कुठे आहे ते बघ. वर खुंटीला अडकवलेलं दिसलं की तसाच मागे फिर. हात पोचू नये म्हणून मुद्दाम अडकवतात."

"तुला कसं ठाऊक?"

"मी अडकवलंय एकदा," ती हळूच म्हणाली. "एक आजी सारखी वाजवायची. सकाळी तिला तोंड दाखवायची लाज वाटली मला."

कंपनीच्या तक्रार-अर्जाच्या पाठीवर त्याने सगळं लिहून घेतलं आणि तीन दिवस चारच्या ठोक्याला तीन ठिकाणी गेला. पहिल्या ठिकाणी दारातच सांगितलं, भेटायची वेळ सकाळची. "फुली मार," आई म्हणाली. दुसरी जागा पिवळ्या भिंतींची. रंगाचे पोपडे निघालेले आणि लिफ्टचं दार असं कुरकुरायचं की याचे दात शिवशिवले. पण नखं कापलेली, पेले हाताशी, आणि एक मदतनीस पोरगी एका आजोबांना तीच बातमी तिसऱ्यांदा वाचून दाखवत होती, तेही न वैतागता. फक्त तिथे खाट पाच आठवड्यांनी रिकामी होणार होती. तिसरी जागा त्याच्या कचेरीजवळच. चकचकीत काचा, लोण्यासारखी लिफ्ट, सोमवारी खाट तयार. आणि त्याने पाहिलेल्या पाचपैकी चार खोल्यांत बटण वर खुंटीला.

हे सगळं त्याने आईला जसंच्या तसं सांगितलं. तिने क्षणाचाही विचार केला नाही. "पिवळी! साहेबांना म्हणावं, जरा दम धरा. पाच आठवडे आईला सांभाळायला काय हत्तीचं बळ लागतं?"

"सांगतो," हा म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी चकचकीत जागा पक्की करून आला.

मनाची समजूत घालायला कारणं काय, हवी तेवढी मिळतात. जवळ आहे, रोज जाता येईल, बटण आपणच खाली काढून ठेवू. पण त्या दिवसापासून त्याला आईच्या तोंडाकडे बघवेना. ती रोज उत्साहाने विचारायची, "साहेब काय म्हणाले?" आणि याचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. बायकोने एकदा सुनावलं, "अहो, असं कसं वागता? निदान सांगा तरी!" तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

रविवारी दुपारी मन घट्ट करून तो आईच्या खोलीत गेला. खाटेवर तिने दोन जुने मऊ टॉवेल, एक शाल आणि मागे पट्टा असलेल्या चपला मांडून ठेवल्या होत्या.

"साहेबांच्या आईला दे. नव्या जागी पहिले काही दिवस आपलं म्हणावं असं काही नसतं बघ. आणि तिथल्या धुण्यात कपडे हरवतात, नाव टाचावंच लागतं. ही सुई ओव, मला दिसत नाही. नाव काय त्यांचं?"

लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात चाचपडून तारेचं टोक शोधणारा हा माणूस, पण दोरा तीनदा हुकला. चौथ्यांदा गेला.

"अरे, नाव सांग की!"

"आई… तुझंच घाल."

ती हसली. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू थांबलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. तिने टॉवेलाची घडी उलगडली आणि परत घातली.

"कुठली? पिवळी?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "चकचकीत लवकर मिळत होती म्हणून… बटण मी खाली काढून ठेवीन, आई. रोज येईन."

"साहेबांच्या आईसाठी थांबणार होतास ना?" ती म्हणाली.

तो म्हणाला, "उद्याचं रद्द करतो. पाच आठवडे रजा टाकतो, घरी बसतो."

"टाक. आणि पिवळीला फोन कर. इथेच बसून कर, माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. पलीकडून एका बाईने विचारलं, "जागा कुणासाठी हवी आहे?"

त्याने आईकडे पाहिलं.

"माझ्या आईसाठी," तो म्हणाला.

आईने वर पाहिलं नाही. ती टॉवेलाच्या कडेला पहिलं अक्षर टाचत होती.