निर्मनुष्य नगरीतलं कोकरू

"आता बघा, आन् नटीकडं बघू नका," असं म्हणून आप्पा माझं कोपर धरत. मेंढीचा पाय पकडायची सवय असलेला हात तो. एकदा धरलं की सुटका नसे.

मी तेव्हा एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत दारावर तिकिटं फाडायला होतो. दसरा झाला की तंबू शिरूरला उभा राहायचा, पुढे दौंडला जायचा आणि पावसाआधी गुंडाळला जायचा. आप्पा कवठे येमाईचे. उमर मेंढरांमागे गेलेली, आता थोडी जमीन घेऊन कांदा लावत होते. सिनेमाचा त्यांना मुळीच नाद नव्हता. देवादिकांचे, मारामारीचे, रडारडीचे खेळ येत आणि जात, आप्पा फिरकत नसत. पण जादूच्या घोड्याचा सिनेमा लागला की दिवेलागणीच्या खेळाला एसटीनं हजर.

तो सिनेमा तुम्हीही पाहिला असेल. लाकडी घोड्यावरून उडत राजकन्या मायानगरीत येते, वाळूत उतरते आणि गळा काढून म्हणते, "या निर्मनुष्य नगरीत माझं कोण आहे?" तुम्ही त्या वेळी तिचे अश्रू पाहिले असतील. आप्पांच्या मते तुम्ही तिथंच फसलात. कारण तिच्या पाठीमागून, त्या निर्मनुष्य नगरीतून, चांगली पन्नास-साठ मेंढरं जातात. मेंढरांमागून नऊवारी लुगड्यातली एक बाई जाते. ती थांबते, मागं फिरते, घळीत अडकलेलं कोकरू उचलून काखेत मारते आणि चालू लागते. राजकन्येला याचा पत्ताच नसतो.

ती बाई म्हणजे आप्पांची कारभारीण आणि ती मायानगरी म्हणजे आपल्या घोडनदीचं पात्र. सिनेमा कंपनीवाल्यांनी कळप हलवायला सांगितला होता. कळप हलत होता तोवरच कॅमेऱ्याचं यंत्र चालू झालं, कोकरू मागं राहिलं आणि बाई परत गेल्या. त्यावर कंपनीचा एक माणूस चारचौघांत त्यांना नको ते बोलला. पुढं काय झालं कोण जाणे, तो तुकडा सिनेमात तसाच राहिला.

आप्पा मला मेंढरांची ओळख करून देत. ती कानतुटी, तिच्यामागं बांडी, तो काळा एडका फार द्वाड. शेजारचे लोक वैतागत, शुक शुक करत. बाई आल्या की मात्र आप्पा गप्प होत आणि माझ्या कोपरावरची पकड घट्ट होई. मेंढरं गेली की ते धोतर झटकून उठत. राक्षसाचा वध त्यांनी एकदाही पाहिला नाही. राक्षस मेला की नाही, असंही कधी विचारलं नाही.

एकदा मी म्हणालो, "आप्पा, घरून मामींना का आणत नाही?"

ते म्हणाले, "तिला वाटतं तिनं खेळ नासवला. मानसं हसत्यात, म्हनती. म्या लई सांगितलं, पर सोताच्या डोळ्यानं बघितल्याबिगर तिच्या मनातलं जायचं न्हाई."

आता तुमच्यापासून काय लपवायचं, माणसं हसतच होती. निर्मनुष्य नगरीत लुगड्यातली बाई पाहिल्यावर कोण हसणार नाही? पहिल्या दिवशी मीही पोट धरून हसलो होतो. आप्पांनाही ते ऐकू येत असणार. म्हणून बोलावणं करायचं आणि ती नाही म्हणाली की मनातून सुटल्यासारखं वाटायचं, असं त्यांचं चाललं असावं.

शिरूरच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सिनेमाच्या रिळांची पेटी पुण्याला परत जाणार, आणि त्याच संध्याकाळी आप्पा आले. पुढं ते, दहा पावलं मागं मामी. तंबूत मधोमध किंतानाचा आडपडदा असे, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. नवरा-बायको जोडीनं येत आणि दाराशी त्यांची फारकत होई. मामी एकट्याच पलीकडं गेल्या. तंबूचं विजेचं इंजिन बंद पडलं तर बरं, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

राजकन्या वाळूत उतरली. तिनं गळा काढला, आणि आप्पा ताडकन उभे राहून किंतानावरून ओरडले, "आगं, आता बघ. नटीकडं बघू नगंस."

चारचौघांत बायकोला हाक मारणं म्हणजे तेव्हा भलतंच. अख्खा तंबू आप्पांना हसला. माणसं मांड्यांवर थापा मारून हसली, आणि त्या गदारोळात पडद्यावरून मामी कोकरू घेऊन निघून गेल्या. त्यांना कुणी हसलं नाही. आप्पांनी हे ठरवून केलं की त्यांना राहवलं नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी विचारलंही नाही.

बाहेर आल्यावर मी मामींना विचारलं, दिसलात का?

"मी कशाला माझ्याकडं बघू? ह्ये व्हते की तितं," त्या म्हणाल्या. "बाभळीखाली, काठीवर हनुवटी ठिवून नटीकडं बघत हुबं. मेंढरं मी एकली हाकीत व्हते."

आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतक्या वेळा सिनेमा पाहून त्यांना स्वतःचा पत्ता लागला नव्हता. "मी हाय व्हय त्यात?" ते मलाच विचारू लागले. मीही कधी त्या बाभळीकडं पाहिलं नव्हतं. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. एसटीकडं जाताना त्या पुढं होत्या आणि आप्पा मागं.

दोन हंगामांनी तो सिनेमा दौंडला आला. पहिल्याच संध्याकाळी मामी दारात उभ्या. एकट्याच आल्या होत्या, न्हावऱ्याला गाडी बदलून. कपाळ पाहिलं आणि मी काही विचारलं नाही.

मी बायकांची बाजू दाखवली. त्यांनी मान हलवली. "बाभळ ह्या अंगाला हाय," म्हणाल्या आणि सरळ पुरुषांत जाऊन पुढं बसल्या. रेल्वेतली माणसं होती, एरवी कुणाला ऐकणारी नव्हेत. ती मुकाट्यानं सरकली.

राजकन्या वाळूत उतरली, मेंढरं आली. मी प्रथमच बाभळीकडं पाहिलं. आप्पा होते तिथं, काठी टेकून. मामींनी डोईवरचा पदर पुढं ओढून नीट केला, घरात आपलं माणूस आल्यावर करावा तसा.